सॅन्टन मास्तरांच्या देण्याचा पुकारा

घरापासून शाळा एक मैल. पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सॅन्टन मास्तर तुस्कानो ती साडेतीन मैल चालून गाठत आणि तरीही घंटेच्या आधी हजर असत. हे शिस्तीचं लक्षण की भीतीचं, यावर गावात दोन मतं होती. सरळ रस्त्यावर रिटामावशीचं घर. निर्मळच्या तळ्याकडून वळसा घ्यावा तर तिठ्यावर अर्नाळ्याची हंसाबाय माशांची पाटी मांडून बसलेली. केळीच्या बागांमधून निसटावं तर सोपाऱ्याचा वाणी नेमका तिथेच वसुलीला फिरे. मुंबईच्या खानावळवाल्याला काही रस्ता अडवता येत नसे, पण तो पोस्टकार्डं पाठवी, आणि कार्ड मास्तरांच्या हाती पडेपर्यंत पोस्टमन, पोस्टमनची बायको आणि वाटेतली चार घरं यांचं ते वाचून झालेलं असे. चार सावकार चुकवायचे तर वेग हवा, म्हणून मास्तरांनी आगाशीहून हप्त्याने सायकल घेतली, आणि सायकलवाला पाचवा सावकार झाला.

आता यावरून मास्तर उधळे होते असं कुणी समजू नये. ते साधी विडीसुद्धा ओढत नसत. हे सगळं देणं विद्येचं होतं. वडील लवकर गेले, पोरगा हुशार, मग काय करणार? कॉलेजची फी रिटामावशीने दिली. हंसाबायने पुस्तकांना आणि एका कोटाला पैसे दिले, कारण कोटाशिवाय माणूस शिकल्यासारखा दिसत नाही असं तिचं मत होतं. ट्रेनिंगची दोन वर्षं घर चाललं ते सोपाऱ्याच्या वाण्यावर. मास्तरांना पानिपतच्या तिन्ही लढायांच्या सनावळ्या पाठ होत्या, युरोपातल्या नद्या तोंडावर होत्या, आणि या ज्ञानापोटी, सायकल धरून, ते तीनशे अडतीस रुपये आठ आणे लागत होते. वर्गात सरळव्याजाचं उदाहरण घालताना त्यांचा आवाज बसे. मुलांना वाटे, मास्तरांना सर्दी झाली.

हे असंच चाललं असतं. आपल्याकडे अशी देणी माणसाबरोबर म्हातारी होतात. पण मध्ये आली रोझमेरी.

रोझमेरी म्हणजे पीटरकाका घोन्साल्विसांची धाकटी. नाताळात दोघांचं ठरल्यासारखं झालं, आणि पीटरकाकांनी ओट्यावर बसून, शेजाऱ्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "पोरगा चांगलाय. पण पाच दारी देणं असलेल्या माणसाला मी पोरगी देणार नाही. आमच्या घराण्यात कर्ज हा शब्द नाही." पीटरकाकांचा केळीचा बाग मोठा, मिशा त्याहून मोठ्या. शिवाय त्यांच्या वांद्र्याच्या भावाने गोदीतला एक कारकून बघून ठेवला होता. तो कर्ज काढत नसे, कारण त्याला काहीच करायचा उत्साह नव्हता.

साल पन्नास. बावीस फेब्रुवारीला राखेचा बुधवार. तिथून उपासाचे चाळीस दिवस, आणि त्या दिवसांत लग्न लागत नाही. ईस्टरपर्यंत थांबायला कारकुनाकडची मंडळी तयार नव्हती. म्हणजे जे काय व्हायचं ते त्याच्या आत व्हायला हवं होतं, नाहीतर रोझमेरी चालली वांद्र्याला. 

तोड सुचवली ती रोझमेरीनेच. विहिरीवर भेटली तेव्हा ती म्हणाली, "पाच जणांना भ्यायचं त्यापेक्षा एकालाच भ्या ना. पतपेढीतून एकच कर्ज काढा, पाचांचं तोंड बंद करा, आणि महिन्याला एकदाच काय तो हप्ता भरा." मास्तर बी.ए.च्या पहिल्या वर्षापर्यंत शिकलेले, पण हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

गावच्या पतपेढीचे सेक्रेटरी हरेश्वरभाऊ चुरी. माणूस सज्जन, पण छापील कागदापुढे स्वतःच्या बापाचंही न ऐकणारा. त्यांनी अर्ज काढला, चष्मा पुसला आणि विचारलं, "कर्ज कशासाठी?"

"शिक्षणासाठी झालेलं देणं फेडायचंय."

हरेश्वरभाऊंनी अर्जावर बोट फिरवलं. "बैल आहे. बी-बियाणं आहे. विहीर, होडी, लग्न आहे. शिक्षण नाही. मास्तर, शिक्षण हे उत्पादक कार्यात धरत नाहीत."

हे शाळामास्तराच्या तोंडावर! पण गरजवंताला अक्कल नसते, तसा अपमानही नसतो.  शेवटी हरेश्वरभाऊंनीच 'जुनं देणं' असा एक रकाना शोधून काढला. मात्र त्याला दोन अटी होत्या. एक, देण्याची संपूर्ण यादी हवी, प्रत्येक सावकाराच्या सहीने, आणि खाली 'याव्यतिरिक्त मी कोणाचे काही लागत नाही' असं प्रतिज्ञापूर्वक लिहायचं. दुसरी, पतपेढीच्या सभासदांपैकी एक जामीन हवा. कर्जाची मर्यादा पाचशे.

जामीन म्हणून मास्तर सरळ पीटरकाकांकडे गेले. मुलगी देणारा माणूस सही द्यायला कशाला मागे सरेल, असा त्यांचा हिशेब. पीटरकाकांनी मिशीवरून हात फिरवला. "सही देतो. पण तुझं देणं एवढंच आहे कशावरून? आणखी कुणी निघालं तर? हे बघ, लग्न ठरलं की देवळात तीन रविवार पुकारा होतो की नाही? कुणाला अडचण ठाऊक असेल तर सांगा म्हणून? मग देण्याचाही पुकारा होऊ दे तीन रविवार. तिसरा रविवार झाला की दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी सही करतो."

आता सांगा, दुसऱ्या कुठल्या गावात हे कुणाला सुचलं असतं? आणि सुचलं तरी कुणी मानलं असतं? पण सॅन्टन मास्तर मुळात सरळ. त्यांनी बोटांवर मोजलं. तीन रविवार देण्याचे, तीन रविवार लग्नाचे. राखेच्या बुधवारपर्यंत रविवार बरोबर सहाच उरले होते. एकही चुकून चालणार नव्हतं.

फादर फ्रान्सिस बराच वेळ डोकं खाजवत बसले. "धर्मशास्त्रात असं करा म्हणून कुठे नाही," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "करू नका म्हणूनही नाही."

पहिल्या रविवारी प्रवचन झालं आणि फादरांनी कागद उलगडला. त्यांचा पुकाऱ्याचा एक ठरलेला सूर होता, तीस वर्षांचा. त्याच सुरात ते वाचू लागले, "सॅन्टन, दिवंगत मिंगेल तुस्कानो आणि मेरी यांचा मुलगा, या गावचा, आणि गावची सहकारी पतपेढी, यांच्यामध्ये पाचशे रुपयांपर्यंतचा व्यवहार योजिला आहे. यास कोणाची काही अडचण असल्यास त्याने ती कळवावी. हा पहिला पुकारा." मागच्या बाकांवरच्या दोघी म्हाताऱ्यांनी मिस्सा संपल्यावर मास्तरांच्या आईचे हात धरले आणि जेवण कधी म्हणून विचारलं.

पण खरा घोटाळा पुढेच झाला, कारण पीटरकाकांनी यादीही वाचायला लावली होती. "रिटा सेबेस्टियन परेरा, एकशे वीस रुपये," फादरांनी वाचलं. बायकांच्या बाजूला पहिल्याच बाकावर, गळ्यात सोन्याची माळ घालून बसलेली रिटामावशी जागच्या जागी ताठ झाली. पुरुषांच्या बाजूला तिचे यजमान सेबेस्टियनकाका हळूहळू वळले. बायकोने भाच्याला एकशे वीस रुपये दिलेत हे त्यांना सात वर्षांनी, देवळात, चारशे माणसांबरोबर कळत होतं.

दुपारी मावशी मास्तरांच्या ओट्यावर हजर. "मी तुला कर्ज दिलं असं कोण म्हणालं? मी काही दिलेलं नाही. मी सही करणार नाही."

मावशी पायरी उतरली नाही तोच सेबेस्टियनकाका आले. "दिलेत म्हणजे दिलेत. माझ्या केळीचे पैसे होते. मी सही करतो. आणि व्याज?"

आठ दिवस त्या घरात चूल दोनदा पेटत होती, त्याची वेगळी, तिची वेगळी. शेवटी मावशीने विचार केला की पैसा कुणाच्या का सहीने होईना, घरातच येतोय, आणि नवऱ्याच्या खिशातून तो काढायचा कसा हे तिला ठाऊक होतं. तिने सेबेस्टियनकाकांना सही करू दिली आणि भाच्याशी बोलणं सोडलं.

पण ते पुढचं. त्या रविवारी दुपारी दोघं गेल्यावर मास्तरांना वाटलं, संपलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते कशाला, हे त्यांना अजून कळायचं होतं. चार वाजता टांगेवाला धर्मा आला. "मास्तर, त्रेचाळीस साली तुम्ही कॉलेजला निघालात, तेव्हा स्टेशनावर सोडलं होतं. भाडं राहिलंय. मी बोललो नसतो, पण फादरांनीच कळवा म्हणून सांगितलं. ट्रंकेचे दोन आणे वेगळे." त्याच्या मागे शेजारची तेरेसाबाय. मॅट्रिकच्या परीक्षेत डोकं चालावं म्हणून तिने रोज एक अंडं दिलं होतं, असे तीस दिवस. "नापास झाला असता तर मागितले नसते," ती म्हणाली. मग न्हावी आला, नोकरी लागल्यावर देतो म्हणून केलेल्या हजामतींचा आकडा घेऊन. मग जुने हेडमास्तर आले, त्यांच्या कंदिलातल्या रॉकेलसाठी. मंडळींच्या तोंडावर लोभ नव्हता हो. एक कर्तव्य पार पाडल्याचं समाधान होतं. देवळातून सांगितलेलं काम कुणी टाळतं का?

आईचा स्वभाव असा की दारी आलेला माणूस चहाशिवाय जाता कामा नये. रेशनची साखर तिसऱ्या सावकारातच संपली. तिने कुंपणावरून तेरेसाबायकडून दोन वाट्या आणल्या. त्याच साखरेचा चहा पीत तेरेसाबाय ओट्यावर बसली होती. कप खाली ठेवून ती म्हणाली, "मास्तर, अंड्यांच्या खाली साखर पण लिहून ठेवा. पुन्हा पुकाऱ्यात राहायला नको."

संध्याकाळी बेरीज झाली तीनशे पंच्याऐंशी रुपये बारा आणे.

दुसऱ्या रविवारनंतर बातमी पाचूबंदरपर्यंत गेली. तिकडचा एक गृहस्थ शेळीचे पैसे मागत आला. ते देणं भलत्याच सॅन्टनचं निघालं, पण आला तसा त्याने चहा घेतला. बाकी खरी निघाली. गोळाबेरीज चारशे एकेचाळीस रुपये दहा आणे. त्याच आठवड्यात गुरुवारी देशाचं प्रजासत्ताक झालं. शाळेत झेंडा लागला आणि भाषण अर्थातच मास्तरांकडे आलं. "आजपासून आपण कोणाचेही मिंधे नाही," असं ते जोरात म्हणाले आणि शेवटच्या रांगेत न्हावी खाकरला. भाषण तिथेच आटोपलं.

तिसऱ्या रविवारी कागद वाचून झाल्यावर फादर फ्रान्सिस थोडे घुटमळले. "माझाही एक आकडा आहे," ते म्हणाले. "माझ्या आधीच्या फादरांनी या मुलाला गरिबांच्या पेटीतून पन्नास रुपये दिले होते. वहीत 'उसने' असं लिहिलेलं आहे. मी तरी काय करू?" मास्तर आजवर त्या पन्नास रुपयांसाठी रोज देवाचे आभार मानत होते. आता आभार वाया गेले म्हणायचे. एकूण चारशे एक्याण्णव रुपये दहा आणे. मर्यादेच्या आत, आठ रुपये सहा आणे राखून! मास्तरांनी डोळे मिटले आणि मनापासून क्रूसाची खूण केली. पंचवीस सह्या गोळा झाल्या होत्या. आता फक्त सव्विसावी, पीटरकाकांची.

सोमवारी सकाळी पीटरकाका पतपेढीत आले खरे, पण चाल बदललेली. लग्नाला जाणारा माणूस दाताच्या डॉक्टरकडे वळावा तशी. हरेश्वरभाऊंनी जामिनाचं नाव ऐकलं, मोठी वही काढली, पान उलटलं, पुन्हा उलटलं.

"पीटरशेठ, तुम्हाला जामीन राहता येणार नाही."

"का बरं?" मास्तरांनी विचारलं. पीटरकाकांनी विचारलं नाही.

"केळीच्या लागवडीचं कर्ज. विहिरीचं कर्ज. थोरलीच्या लग्नाचं कर्ज. एकूण अकराशे चाळीस. चार हप्ते थकलेत."

 मास्तरांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. लोका सांगे ब्रह्मज्ञान! या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की पतपेढीची वही उघडली की आपलं पितळ उघडं पडणार. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागेल. म्हणून काढला हा तीन रविवारांचा पुकारा, की पोरगा कंटाळून जाईल, राखेचा बुधवार येईल आणि विषय आपोआप मिटेल. मास्तरांना असा राग आला की ते पहिल्यांदाच पीटरकाकांकडे सरळ बघून बोलले.

"काका, माझं देणं चारशे एक्याण्णव. तेही अख्ख्या गावाला पाठ आहे. तुमचं अकराशे चाळीस, आणि मला म्हणता कर्ज हा शब्द नाही?"

पीटरकाकांच्या मिशा खाली आल्या होत्या. "हळू बोल," ते म्हणाले. "बाहेर धर्मा उभा आहे. पुढच्या रविवारी लग्नाचा पुकारा लाव. फादरांना मी सांगतो. पण ही गोष्ट या चार भिंतींत राहू दे, बाबा."

मास्तर तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. लग्न ठरलं होतं. पण पंचवीस माणसांनी सह्या केल्या होत्या, पैसे या आठवड्यात मिळणार म्हणून. न दिले तर पुकारा होणार लग्नाचा आणि लोक उठणार वसुलीला. जामीन हवाच होता. मग सुरू झाला शोध. मंगळवारी हेडमास्तर: मुलाच्या शिक्षणाचं कर्ज. बुधवारी टांगेवाला धर्मा: घोड्याचं. गुरुवारी सेबेस्टियनकाका: व्याज मागणारे, पण वहीत दोन हप्ते थकलेले. फादरांकडे जाऊन बघितलं, तर देवळाची नवी कौलं उधारीवर. अख्ख्या गावात बिनकर्जाचा सभासद म्हणून सापडेना. मास्तरांना आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. सात वर्षं ते मान खाली घालून चालले, आणि ज्यांच्यापुढे घातली ते सगळे एकाच पाण्यात उभे होते. पण हलकं वाटून काय? शुक्रवार उजाडला.

"हंसाबायला विचारलंत?" रोझमेरी म्हणाली. "साऱ्या गावाला पैसे देणारी बाई कर्जात कशी असेल?"

काखेत कळसा अन् गावाला वळसा. मास्तरांना पुन्हा तसंच थोडं वाईट वाटलं. हंसाबाय सभासद होतीच. कुणाच्या तरी थकलेल्या पैशांच्या बदल्यात पाच रुपयांचा शेअर तिच्या गळ्यात पडला होता. मास्तर तिठ्यावर गेले, आणि या खेपेला आपल्या पायांनी गेले.

"जामीन म्हंजी काय?" हंसाबायने बोंबील झाकत विचारलं.

"मी पैसे भरले नाहीत तर तुम्ही भरायचे."

"आनि माझं पासष्ट?"

"ते आजच मिळतील."

हंसाबायने थोडा विचार केला. "मंग चल. तू पलून जानार नाय. तुला पलायचं असतं तर सायकल घेतलीस तवाच गेला असतास." ती पाटी शेजारणीच्या हवाली करून उठली. पतपेढीत हरेश्वरभाऊंनी नियमाप्रमाणे विचारलं, "बाय, तुमच्यावर कोणाचं देणं?"

"माझ्यावर कोनाचं नाय. माझं कोनावर हाय ते इचारतोस का भाऊ? तुझ्यापासून सांगू?"

हरेश्वरभाऊंनी घाईघाईने शाईचा पॅड पुढे केला. हंसाबायचा अंगठा उमटला, आणि दुपारी दोन वाजेपर्यंत मास्तरांच्या ओट्यावरून पंचवीस माणसं पैसे घेऊन गेली. शेवटचा सायकलवाला. तो गेल्यावर मास्तर पायरीवर बसले आणि चक्क रडले. आई घाबरली. "काय झालं रे?" तिने विचारलं. "काही नाही," ते म्हणाले, "संपलं, आई. आता एकच राहिला." महिन्याला बारा रुपये. बारा रुपयांना माणूस भीत नाही. रिटामावशी संध्याकाळी आली आणि बोलली. पहिलं वाक्य असं होतं की सेबेस्टियनने पैसे कुठल्या पेटीत ठेवलेत ते तिला कळलंय.

लग्नाचे दोन पुकारे सुरळीत झाले. तिसरा आला राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी. सोमवारी लग्न. देऊळ गच्च भरलेलं. फादर फ्रान्सिसांनी त्याच सुरात वाचलं, "सॅन्टन, दिवंगत मिंगेल तुस्कानो आणि मेरी यांचा मुलगा, आणि रोझमेरी, पीटर घोन्साल्विस आणि त्यांची पत्नी यांची मुलगी, यांचं लग्न योजिलं आहे. कोणास काही अडचण ठाऊक असल्यास त्याने ती कळवावी. हा तिसरा आणि शेवटचा पुकारा." आणि ते थांबले. लग्नाच्या पुकाऱ्याला ते कधी थांबत नसत. गेल्या महिन्याची सवय, दुसरं काय! त्यांनी चष्म्यावरून साऱ्या बाकांकडे पाहिलं.  धर्मा जागेवरून थोडा उठला आणि घसा साफ करू लागला. कुठला आणा राहिला याचा? कुठली ट्रंक?

तेवढ्यात पुढच्या बाकावरून पीटरकाका उभे राहिले. ते पूर्ण वळले, धर्माकडे पाहिलं, न्हाव्याकडे पाहिलं, तेरेसाबायकडे पाहिलं, आणि मग एकेक करत सगळ्या देवळाकडे. पतपेढीची वही माहीत असलेला हा जावई आता हातचा जाऊ द्यायचा नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. धर्मा खाली बसला.

"कुणाची काही अडचण नाही, फादर," पीटरकाका म्हणाले. "वाचा पुढे."